‘दंड भरा, मोकळे व्हा’ असं कुणी म्हणालं तर

प्रश्न : वकीलताई, सप्रेम नमस्कार. माझा मुलगा मुंबईत पाच वर्षांच्या लॉच्या चौथ्या वर्षाला आहे. वय २१. गेल्या पावसाळ्यात मित्राच्या वाढदिवसाला चौघं मुलं रात्री वरळी सी-फेसच्या कट्ट्यावर बसली होती. गस्तीच्या पोलिसांनी हटकलं, तेव्हा माझ्या मुलाच्या हातात गांजाची सिगारेट होती. मेडिकलला नेलं, गुन्हा नोंदवला, दुसऱ्या दिवशी कोर्टातून जामीन झाला. आता समन्स आलंय. ह्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करा, हजार-दोन हजार दंड होईल, त्याच दिवशी मोकळे व्हाल. कॉलेजने एक हमीपत्र भरायला दिलंय, त्यात ‘तुमच्यावर गुन्हा दाखल आहे का’ असं विचारलंय. तिथे ‘नाही’ लिहावं असं ह्यांचं मत. त्याला वकिलीची सनद मिळेल ना? धाकटी बारावीला आहे, तिला फार्मसीला जायचंय. तिच्या अ‍ॅडमिशनला भावाची केस आडवी येईल का? घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही.
– एक आई, मुलुंड

उत्तर : ताई, धाकटीचं आधी सांगते, म्हणजे निदान ती एक काळजी आजच मिटेल. भावावरच्या गुन्ह्याचा तिच्या प्रवेशाशी काहीही संबंध नाही. तिला निवांत अभ्यास करू द्या.

आता मुलाचं. समन्सच्या तारखेला त्याने कोर्टात उभं राहून ‘गुन्हा कबूल’ म्हणायचं नाही. चांगल्या वकिलाने सगळे कागद वाचेपर्यंत तर मुळीच नाही. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त धास्ती वाटली ती ह्याच एका वाक्याची.

माझ्या वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक मुलगा ऑफिसात आला होता. त्याने पाकिटातून लॅमिनेट केलेला एक छोटा कागद काढून माझ्यासमोर ठेवला. कोर्टात भरलेल्या दंडाची पावती, रुपये पाचशे. सहा वर्षं त्याने ती जपली होती, पुन्हा कधी पोलिसांनी विचारलंच तर ‘केस संपली’ हे दाखवायला. बी.फार्म. झालेला, औषधनिर्माता म्हणून सरकारी नोकरीत निवड झालेली, आणि चारित्र्य पडताळणीत अडकलेला. मला त्याला सांगावं लागलं, की बाळा, ही सुटकेची पावती नाही, तू दोषी ठरलास त्याचा हा पुरावा आहे. तो बराच वेळ त्या कागदाच्या कडेवरून अंगठा फिरवत बसला. त्यालाही कुणीतरी हेच सांगितलं होतं : दंड भर, मोकळा हो.

दंड ही शिक्षाच असते, ताई. पाचशेचा असो की पाच हजारांचा, रेकॉर्डवर ‘दोषसिद्ध’ असंच लागतं. शिवाय स्वतः कबुली दिली, की पुढे अपिलाचा रस्ताही जवळजवळ बंद होतो. शिक्षा जास्त झाली किंवा बेकायदा झाली एवढंच म्हणता येतं, ‘मी गुन्हा केलाच नव्हता’ असं म्हणता येत नाही.

पत्रात कलम दिलेलं नाही. पण हातात सिगारेट, मग मेडिकल, म्हणजे बहुधा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं ‘कलम ८ (क) सह २७’ असणार. ही सेवनाची केस. गांजाच्या सेवनाला जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कागदावर ‘अजामीनपात्र’ वाचून घाबरू नका. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये ह्या कायद्याखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र ठरवलेत, म्हणून जामिनासाठी कोर्टात जावं लागलं. त्यावरून गुन्हा किती मोठा ते ठरत नाही.

आरोपपत्राची पूर्ण प्रत मिळते, तो त्याचा हक्क आहे. ती घ्या आणि पंचनामा मुलाला स्वतःला वाचायला लावा. ‘अर्धवट जळालेले सिगारेटचे थोटूक, उग्र वास येत असलेले’ अशा धाटणीचं वाक्य त्यात सापडेल. वास म्हणजे पुरावा नव्हे. ते थोटूक सीलबंद केलं होतं का, पंच कोण होते, मेडिकलमध्ये रक्त-लघवी घेतली का, आणि कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा सी.ए. (रासायनिक तपासणीचा) रिपोर्ट काय म्हणतो, ह्यावर केस उभी राहते किंवा पडते. रिपोर्टच नसेल किंवा निरंक असेल, तर दोषमुक्तीचा अर्ज करता येतो, उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करून मागता येतो. अशा केसमध्ये कबुली देऊन दंड भरणं म्हणजे आपल्या हाताने आपल्या मुलाला दोषी ठरवणं.

आणखी एक गोष्ट, जी कित्येक वकीलही नीट बघत नाहीत. आरोपपत्रात फक्त कलम २७ आहे, की जवळ बाळगल्याचं कलम २० सुद्धा लावलंय, हे डोळ्यांत तेल घालून बघा. गांजाची एक किलोपर्यंतची मात्रा कायद्याने ‘अल्प’ धरली जाते, त्यामुळे दोन्हींची शिक्षा फार वेगळी नाही. अल्प मात्रेच्या कलम २० ला एक वर्षापर्यंत. तरीही तुमच्या मुलासाठी फरक जमीन-अस्मानाचा आहे. १९५८ चा परिवीक्षा कायदा, ज्याला आम्ही कोर्टात प्रोबेशन म्हणतो, तो एनडीपीएसच्या कलम ३३ प्रमाणे सज्ञान आरोपीला कलम २६ आणि २७ पुरताच लागू होतो. कलम २० ला नाही. म्हणजे नुसती २७ ची केस असेल आणि दोष सिद्ध झालाच, तर त्याचा वकील कोर्टाला म्हणू शकतो, की पहिलाच गुन्हा आहे, वय लहान आहे, समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडा. परिवीक्षा कायद्याचं कलम १२ सांगतं, की असं सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही.

सनदीची किल्ली इथेच आहे. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम २४ क प्रमाणे नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला सनद मिळत नाही. ही बंदी सुटकेनंतर दोन वर्षांनी संपते. आणि परिवीक्षा कायद्याखाली सोडलेल्याला ती लागूच होत नाही, असं त्याच कलमात लिहिलंय. तेव्हा कबुली द्यायचीच वेळ आली, तर ती प्रोबेशनचा अर्ज हातात घेऊनच द्यायची. पावती फाडण्यासाठी नाही. आणि नुसती केस चालू असणं म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हेही त्याला सांगा.

सिगारेट ओढणं हे ‘नैतिक अधःपतन’ होतं का? ह्याची यादी कायद्यात नाही, ते प्रसंग पाहून ठरतं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हरियाणातल्या एका चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याचं प्रकरण आलं होतं. अश्लील वर्तनाच्या किरकोळ खटल्यात वीस रुपये दंड झाला होता आणि त्यावरून त्याची नोकरी गेली होती. न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, हे नैतिक अधःपतन नव्हे असं म्हटलं. पण वीस रुपयांपायी त्या माणसाला दिल्लीपर्यंत जावं लागलं, हे विसरू नका.

हमीपत्राबद्दल मात्र मी तुमच्या यजमानांच्या पूर्ण विरोधात आहे. ‘नाही’ लिहायचं नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने सप्टेंबर २०२४ मध्येच लॉ कॉलेजांना विद्यार्थ्यांची गुन्ह्यांविषयीची माहिती घ्यायला सांगितलंय, तुमचं हमीपत्र त्यातूनच आलेलं दिसतंय. महत्त्वाची माहिती चुकीची देऊन मिळवलेली सनद अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम २६ खाली पुढे कधीही काढून घेता येते. चाळिशीत, प्रॅक्टिस जमलेली असताना, कुणा जळणाऱ्याने एक अर्ज टाकला की झालं. नोकरीच्या पडताळणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये जे सांगितलं, त्याचाही रोख हाच : किरकोळ प्रकरणाकडे, त्यातही तरुण वयातल्या, मालक कानाडोळा करू शकतो, पण माहिती खरी आणि पूर्ण हवी. मुलाने तीन ओळी लिहाव्यात. गुन्हा क्रमांक, कलम, ‘खटला प्रलंबित, जामिनावर’. माफीनामा नको, खुलाशाची पानं नकोत. सोबत एफआयआरची प्रत जोडायची आणि दिल्याची पोच घ्यायची.

शेवटचं वकील म्हणून नाही, दोन मुलांची आई म्हणून विचारते. ती सिगारेट पहिली होती का? हे तुम्ही नाही, त्याच्यावर जीव असलेल्या मामाने किंवा मोठ्या चुलतभावाने विचारावं, चालता चालता. सवय लागली असेल तर केईएमच्या मानसोपचार ओपीडीत घेऊन जा. व्यसनी माणसाला शिक्षेऐवजी उपचाराला पाठवायची तरतूद एनडीपीएस कायद्याच्याच कलम ३९ मध्ये आहे, आणि स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी पूर्ण उपचार घेणाऱ्याला कलम ६४ क खटल्यापासून संरक्षण देतं. आणि तुमच्या यजमानांना सांगा, पोरगा वकिलीच शिकतोय. त्याच्या केसचा निर्णय त्याला बाहेर बसवून घेऊ नका.

प्रश्न : माझ्या भाच्यावर बारावीत असताना, साडेसतरा वर्षांचा असताना, गांजाची पुडी सापडल्याची केस झाली. बाल न्याय मंडळाने समज देऊन सोडलं. आता तो सीए करतोय. पुढे मेंबरशिपच्या वेळी हे आडवं येईल का?
– मामा, डोंबिवली

उत्तर : नाही येणार. वय गुन्ह्याच्या दिवशीचं धरतात, केस संपली त्या दिवशीचं नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम २४ प्रमाणे अशा किरकोळ प्रकरणात मुलाला दोषसिद्धीची कुठलीही अपात्रता लागत नाही आणि मुदतीनंतर रेकॉर्डही नष्ट करायचं असतं. ते खरंच केलंय का, एवढं मंडळात अर्ज देऊन विचारून घ्या. अर्जाला त्याचं दहावीचं सर्टिफिकेट जोडा. वयाच्या पुराव्यात तेच पहिलं बघतात.