कशावरून?

प्रिय पोरी,

परवा तुझ्या नववीच्या तासाला मागच्या बाकावर बसले होते, तेव्हाच हे सांगायचं होतं. पण घंटा झाली आणि मुलांनी तुला घेरलं.

बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता तू फार सुंदर वाचलीस. मग विचारलंस, कशी वाटली? खिडकीजवळची मुलगी म्हणाली, “उदास.” तू “छान” म्हणालीस आणि दुसरीकडे वळलीस. तिथेच थांबायला हवं होतं. “कशावरून गं?” एवढंच विचारायचं, आणि तेही मायेनं. दरडावून विचारलं की मुलं मत मागे घेतात.

तिनं बहुधा ‘काळ्या डोहाकडे’ दाखवलं असतं. तेवढे दोनच शब्द फळ्यावर लिही, अख्खी ओळ नको. रसग्रहणात मुलं चार-चार ओळी उतरवतात आणि खाली लिहितात, ‘यावरून कवीचे निसर्गप्रेम दिसते.’ ओळी आहेत, मत आहे, मधला सांधाच नाही. तो सांधा घालायला त्यांना ‘म्हणजे’ हा शब्द दे. काळा म्हणजे काय? आधी हिरवाळी आहे, निळासावळा झरा आहे, मग पांढरी पायवाट; आणि ती पायवाट हिरव्या कुरणांतून निघते ती काळ्या डोहाकडे. या रंगांखाली मुलांना स्वतः पेन्सिलीनं रेघा मारू दे.

मग विचार, पुढच्याच ओळीत काळिम्याला ‘गोड’ का म्हटलंय? ‘उदास’ म्हणणारी इथे अडेल. अडू दे, लगेच धावून जाऊ नकोस. माझ्या वर्गात असंच झालं तेव्हा एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा म्हणाला, “बाई, शेवटच्या ओळीतलं औदुंबराचं झाड पाण्यात पाय टाकून निवांत बसलंय. आमचे आजोबा शेतातून आले की असेच ओढ्यात पाय सोडून बसतात.” मला भरून आलं. तरी वहीत मी त्याला ‘वाहतो’, ‘चालली’ आणि ‘बसला’ हेच लिहायला लावलं. झरा वाहतो, वाट चालते, झाड तेवढं बसलंय. आजोबांमुळे त्याला ते दिसलं खरं, पण आधार कवितेतलाच हवा. एखादं हुशार पोर सांगेल, बालकवी १९१८ साली रेल्वेखाली गेले, म्हणून कविता उदास. माहिती खरी आहे, पण या आठ ओळींत ती कुठेच नाही.

पहिली काही वर्षं मी रसग्रहण फळ्यावर लिहून देत असे. साठ वह्या, एकच उत्तर. त्याची बोच अजून आहे, म्हणून तुला इतकं सांगतेय. पोर्शन मागे पडेल ही तुझी धास्ती मला ठाऊक आहे. प्रत्येक कवितेला असा तास देता येणार नाही. सत्रात दोन कविता आणि एखादा धडा पुरे. धड्याला सवय एकच लाव: आधी पान आणि परिच्छेद सांगायचा, मग मत.

सोमवारी त्या खिडकीजवळच्या मुलीला पुन्हा विचार. ‘गोड’ वाचून ती काय म्हणते, मला कळव.

तुझी,
बाई