टेर्प म्हणजे टेकडी नव्हे

एका वाचकाने विचारलं आहे: नेदरलँड्समधल्या हेगेबाइंटुम या खेड्याबद्दलच्या मराठी मजकुरात ‘टेर्प’ला ‘टेकडी’ म्हटलंय, ते बरोबर का? आणि गावाच्या नावाचा अर्थ काय?

बरोबर नाही. हे ‘टेकडी’ मी इतक्यांदा वाचलंय की आता चीड येते. टेकडी आपसूक असते. टेर्प माणसांनी घातलेली भर आहे. फ्रीसलंड या तिथल्या उत्तरेकडच्या प्रांतात समुद्राला बांध घातले गेले ते इ. स. १०००च्या सुमारास. त्याआधी दीडएक हजार वर्षं उधाणाचं पाणी थेट दारात यायचं. लोक चिखलाची ढेपं, शेण, राख, घरातला केर टाकत गेले आणि पायाखालची जमीन पिढ्यान्‌पिढ्या उंचावत राहिली. शेजारच्या चाउकी लोकांची अशी घरं रोमन लेखक थोरल्या प्लिनीने वर्णिली आहेत: भरतीला माणसं गलबतावरच्या खलाशांसारखी दिसतात, ओहोटीला गलबत फुटलेल्यांसारखी. हेगेबाइंटुमचा टेर्प नेदरलँड्समधल्या टेर्पांत सर्वांत उंच, समुद्रसपाटीपासून ८.८ मीटर.

आता खरी गंमत. ‘टेर्प’चा मूळ अर्थ उंचवटा नाहीच. तो आहे गाव! डच ‘डोर्प’, जर्मन ‘डोर्फ’ यांचाच हा फ्रिजियन, म्हणजे फ्रीसलंडच्या भाषेतला, भाऊ. पुरावा नकाशातच आहे. उरेटेर्प, ओल्टरटेर्प ही गावं फ्रीसलंडच्या आग्नेयेकडच्या वाळूच्या जमिनीवर वसली आहेत. तिथे भरावाची गरजच नव्हती, तरी नावात ‘टेर्प’ आहे. किनाऱ्याकडे मात्र गाव आणि त्याखालचा ढीग एकच, म्हणून गावाचा शब्द ढिगाला चिकटला. काही व्युत्पत्तिकार आणखी मागे जाऊन लॅटिन ‘त्राब्स’, म्हणजे तुळई, इथपर्यंत पोचतात. मला ते ओढूनताणून वाटतं. एका तुळईवर गाव उभं करू नये.

मग मराठीत काय म्हणावं? शब्द आपल्या घरातच आहे: पांढरी. शेत ती काळी, वस्ती ती पांढरी. पडलेल्या मातीच्या भिंती, चुलीची राख, शेण यांचे थर साचून झालेली गावठाणाची जमीन. आणि तीच पांढरी म्हणजे गाव, गावकरी. ढीग आणि गाव यांना एकच शब्द, अगदी फ्रिजियनांसारखा! ‘पांढरीत रंग आहे, टेर्पची माती काळपट असते’ हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो मला मान्य नाही. पांढरी म्हणताना रंग कोण पाहतो? साम्य पुढेही जातं. आपल्याकडे पांढरीची माती खणून माळवदावर घातली, शेतात टाकली. तिकडे एकोणिसाव्या शतकात टेर्पची कसदार माती होड्यांत भरून खत म्हणून विकली गेली. हेगेबाइंटुमचा मोठा भाग असाच गेला. वर बाराव्या शतकातलं चर्च आणि थोडी घरं उरली, आणि चर्चच्या कडेने जमीन कापल्यासारखी खाली उतरते. जी जमीन गावाने राखेने आणि शेणाने रचली, ती शेवटी शेतात गेली.

नावाचं राहिलंच. ‘हेगे’ म्हणजे उंच. शेवटचा ‘उम’ म्हणजे ‘हेम’, घर. डोक्कुम, हालुम यांतही तोच. तेव्हा ‘टेकडी’ खोडा आणि ‘पांढरी’ लिहा. पहिल्यांदा येईल तिथे ‘टेर्प, म्हणजे पांढरीचा उंचवटा’ एवढं पुरे.