पगार माझा, ओटीपी बाबांच्या फोनवर

तुझं पत्र चांगलं पाच पानी आहे, त्यामुळे बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. वय २९, घर सांगलीला, नोकरी हिंजवडीत, सहा वर्षं पुण्यात. बाबा रिटायर्ड मुख्याध्यापक. पहिली नोकरी लागली तेव्हा पगाराचं खातं बाबांबरोबर जॉइंट काढलं, त्यावर मोबाइल नंबर त्यांचा, नेटबँकिंगचा पासवर्ड पण त्यांच्याकडेच. दर महिन्याला ते तुला 'खर्चाला' पाठवतात आणि उरलेल्याची एफडी करतात. गूगल मॅप्सवर तुझं लोकेशन त्यांना कायम दिसतं. मागच्या महिन्यात मैत्रिणींबरोबर लोणावळ्याला गेलीस तर अर्ध्या तासात फोन, मग दोन दिवस बाबा जेवले नाहीत आणि आई म्हणाली, "त्यांचं बीपी वाढलंय, काही झालं तर तुला बघवेल का?" तुझे प्रश्न तीन. बाबांना कसं समजावू, मी वाईट मुलगी आहे का, आणि गणपतीला घरी जाऊ की नको.

मधल्याचं उत्तर: नाही, तू वाईट मुलगी नाहीस. संपलं.

पहिल्यात मात्र गोची आहे गं. सहा वर्षं तू समजावतेच आहेस. 'त्यांनी स्वतःहून सोडावं' असं लिहिलंयस, म्हणजे आता परवानगी लागू नये यासाठीसुद्धा तू त्यांचीच परवानगी मागतेयस. ती मिळणार नाही. ते दुष्ट आहेत म्हणून नाही, तर अख्खं आयुष्य ज्यांनी शाळा चालवली त्यांना घरातसुद्धा कोणी न विचारता वर्गाबाहेर गेलेलं चालत नाही आणि ते तुझ्या युक्तिवादाने बदलणार नाही. त्यांना पटायला हवं ही अटच काढून टाक. तुला जे करायचंय ते तू कर, त्यांना ते आवडणार नाही, आणि तरी ते तुझे बाबा राहतील.

आता करायचं काय, तर आधी आधार कार्ड बघ. शाळेत असताना काढलं असेल तर त्यालाही बाबांचाच नंबर जोडलेला असणार, आणि तसं असेल तर नवीन खातं उघडायला गेलीस की ओटीपी पुन्हा सांगलीला. आधार सेवा केंद्रात स्वतः जाऊन नंबर बदलता येतो, त्याला कागदपत्रं लागत नाहीत. मग फक्त तुझ्या नावावर दुसऱ्या बँकेत खातं काढ. जुन्या खात्यातून बाबांचं नाव काढायच्या भानगडीत पडू नकोस, त्याला त्यांची पण सही लागेल आणि तिथेच सगळं अडेल. एचआरला नवीन खात्याचा कॅन्सल्ड चेक दे, पुढचा पगार तिकडे. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर आणि पीएफला कोणाचा नंबर आणि ईमेल आहे तेही बघून घे, रिटर्न बाबांच्या ओळखीचे सीए भरत असतील तर तिथेही त्यांचाच निघेल.

आणि एफडी कोणाच्या नावावर आहेत गं? पत्रात हे एवढंच लिहिलेलं नाही आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याची आहे. तुझ्या नावावर असतील तर ठीक. बाबांच्या नावावर असतील तर तो पैसा आज कागदोपत्री त्यांचा आहे, आणि उद्या त्यांनी मृत्युपत्र केलं नाही तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने त्यात आई, दादा, तू, आजी असेल तर तिचाही वाटा. तुला नॉमिनी लावलंय म्हणून निश्चिंत राहू नकोस, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बाबा पैसे खाताहेत असं मी म्हणत नाहीये, उलट पैन् पैचा हिशोब वहीत असेल त्यांच्याकडे. मग ती वही बघायला माग ना, त्यात भांडणासारखं काय आहे.

सांगायचं कधी? खातं उघडून झाल्यावर, पण पगार तिकडे पडायच्या आधी. त्यांना जुनं खातं रिकामं दिसून कळलं तर ते लपवलंस असं होईल. फोनवर, थेट बाबांना, आईमार्फत नाही. "बाबा, या महिन्यापासून माझा पगार माझ्या खात्यात येणार आहे. घरी दर महिन्याला मी अमुक इतके पाठवेन. लोकेशन आजपासून बंद करतेय, रोज रात्री फोन करेन." बास. कारणं देऊ नकोस, एक कारण दिलंस की ते त्यावर दहा प्रश्न काढतील आणि तू पुन्हा तोंडी परीक्षेला बसशील. रोज फोन झेपणार नसेल तर एक दिवसाआड म्हण, पण जे म्हणशील ते पाळ. आणि ते 'अमुक' कबूल करायच्या आधी स्वतःचा हिशोब कर. २००७ चा आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा कोणीतरी तोंडावर फेकेलच, पण तो ज्यांचं स्वतःच्या पैशात भागत नाही त्यांच्यासाठी आहे, तुझ्या बाबांना पेन्शन आहे. तू पाठवशील ते प्रेमाने पाठव, दंड म्हणून नको.

मग अबोला होईल. जेवण बंद होईल, आत्याचा फोन येईल, 'पुण्याचं वारं लागलं पोरीला' पण ऐकायला मिळेल. आत्याला सांग, "बाबांशी माझं बोलणं झालंय", आणि विषय बदल. बीपीचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. खरंच वाढलं असेल तर डॉक्टरकडे नेऊन ईसीजी काढायला सांग, कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईबाबा असतील तर कार्ड पाठव, गरज पडली तर स्वतः जा. आजारपणासाठी धावत जायचं, पण पासवर्ड परत द्यायचा नाही. आई बिचारी मधल्यामध्ये पिचतेय हे मला दिसतंय, पण तिला त्यातून सोडवायला तू तुझा पगार देऊ शकत नाहीस.

एक वेगळं. येऊन उचलून नेतील, कागदपत्रं काढून घेतील, जबरदस्तीने लग्न लावतील अशी जराही भीती असेल तर हे फोनवर सांगणं वगैरे सगळं विसर. आधी ओरिजिनल सर्टिफिकेटं पुण्यात आण, एका मैत्रिणीला सगळं सांगून ठेव, १८१ (महिला हेल्पलाइन) आणि ११२ (पोलीस) फोनमध्ये सेव्ह कर. तू सज्ञान आहेस, कुठे राहायचं आणि लग्न कोणाशी करायचं हे तू ठरवायचं. आणि रात्र रात्र झोप लागत नाही असं लिहिलंयस, त्यासाठी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

गणपतीला जा गं, जायचं नाही कशाला? परतीचं तिकीट आधीच काढ आणि कधी निघणार ते पोचल्यापोचल्या सांगून टाक. गौरी जेवायच्या दिवशी एफडीचा विषय काढू नकोस. बाबांनी काढला तर "विसर्जन झालं की बसू" म्हण आणि खरंच बस, नाहीतर दिवाळीच्या आधी हेच पाच पानी पत्र मला पुन्हा येईल.