झिजणे: ‘घिसणे’ नव्हे, ‘जीर्ण’ही नव्हे

प्रश्न असा आला आहे: काडतुसं पुन्हा भरण्याच्या साधनांची देखभाल सांगणारी पुस्तिका मराठीत करतोय. बदलायच्या भागांना ‘घिसलेले’ म्हणू, ‘जीर्ण’ म्हणू की सरसकट ‘खराब’? आणि ‘डाय’साठी, म्हणजे काडतुसाची नळी आवळून आकारात आणणाऱ्या भागासाठी, ‘साचा’ चालेल का?

‘घिसलेले’ आधी खोडा. टायरपासून चपलेपर्यंत हा शब्द हल्ली सगळीकडे ऐकू येतो आणि दर वेळी कानाला टोचतो. हिंदीतलं ‘घिसना’ संस्कृत ‘घृष्’वरून आलं. त्याच धातूचं आपलं ‘घासणे’ घरात असताना हे उसनं कशाला? शिवाय घासणं ही क्रिया आणि झिजणं हा तिचा परिणाम. उडालेल्या प्रायमरची (काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीची) काजळी नळी डायमध्ये दाबणाऱ्या प्रेसच्या दांड्यावर पडते, तिच्यातले कठीण कण घासतात आणि दांडा झिजतो. मराठीकडे दोन क्रियापदं आहेत ती या दोन गोष्टींसाठी.

‘जीर्ण’ही नको. जीर्ण होतं ते वयानं. डबीत वीस वर्षं न वापरता पडलेली डाय जुनी झाली, झिजली नाही. ‘झिजणे’ हे ‘जीर्ण’वरूनच आलं असं ठासून सांगणारे जाणकार भेटतात. त्यांना एवढंच विचारावं की मग ‘झ’ कुठून आला? ‘जीर्ण’च्या घराण्यात ‘जुना’ आहे, ‘जिरणे’ आहे, आणि दोन्हीकडे ‘ज’ शाबूत आहे.

खरा उगम ‘क्षि’. संस्कृत ‘क्षीयते’, म्हणजे कमी कमी होत जातो. त्याचं प्राकृत ‘झिज्जइ’ आणि त्यावरून आपलं ‘झिजणे’. ‘क्षीण’चं प्राकृतात ‘झीण’ही होतं, तेच हिंदीत ‘झीना’ म्हणून विरळ कापडासाठी टिकलं. म्हणजे क्षय, क्षीण, अक्षय्य तृतीयेतलं अक्षय्य आणि प्रेसच्या दांड्याची झीज ही सगळी एकाच कुळातली.

पण ‘क्ष’चा ‘झ’ व्हावाच का? एरवी तसं होत नाही. ‘क्षीर’ची खीर झाली, ‘पक्ष’चा पाख झाला, ‘मक्षिका’ची माशी आणि ‘इक्षु’चा ऊस झाला. प्राकृतचा व्याकरणकार हेमचंद्र यानं १२व्या शतकात नियम दिला: ‘क्ष’चा ‘ख’ होतो, क्वचित ‘छ’ किंवा ‘झ’. त्यानं ‘क्वचित’ म्हणून विषय सोडला आणि आजही अनेक जण तेवढ्यावर समाधान मानतात. मला ते अजिबात मान्य नाही. हे ‘क्वचित’ अकारण नाही. संस्कृतात ‘क्ष’ एकच दिसतो, पण त्यात निरनिराळे जुने व्यंजनगट मिसळून गेले आहेत, काही अघोष (‘क’-‘ख’सारखे) तर काही घोष (‘ग’-‘झ’सारखे). घोष गटाची खूण प्राकृत बोलींनी ‘झ’ म्हणून राखली. रिचर्ड पिशेल यांनी १९००च्या आपल्या प्राकृत व्याकरणात हे मांडलं. पुरावा हवा तर ‘क्षरति’, म्हणजे वाहतो, हे घ्या. अवेस्तेत, म्हणजे पारशांच्या जुन्या इराणी धर्मग्रंथात, याच धातूचं रूप ‘ग्झर्’ असं घोष आहे, आणि आपल्याकडे त्याचंच ‘झरणे’ झालं, झरा झाला. संस्कृतानं पुसलेला फरक मराठीच्या झऱ्यात आणि झिजेत शिल्लक आहे! याहून सुंदर गोष्ट मला शब्दकोशात सापडलेली नाही.

आणखी एक. ‘क्षि’चं ग्रीक भावंड आहे ‘फ्थिनो’, म्हणजे मी झिजतो. त्यावरून ग्रीकांनी शरीर झिजवणाऱ्या रोगाला ‘फ्थिसिस’ म्हटलं. आपण त्याच रोगाला क्षय म्हणतो. एकच धातू, आणि हजारो मैलांवरच्या दोन भाषांत एकाच दुखण्याचं नाव.

आता पुस्तिका. ‘खराब’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला नेमकं काय झालं आहे ते कळणार नाही, आणि ते कळल्याशिवाय तो तपासणार काय? नळीचं बूड धरणाऱ्या शेल होल्डरची कड झिजते. वापरलेला प्रायमर ढकलून काढणारी पिन बहुधा झिजत नाही, ती वाकते किंवा मोडते. विशेषतः बर्डन पद्धतीच्या केसमध्ये (केस म्हणजे काडतुसाची नळी), कारण तिथे मधोमध भोक नसतं, दोन भोकं बाजूला असतात. केसची लांबी छाटणाऱ्या ट्रिमरचं पातं बोथट होतं. स्प्रिंग ढिली पडते. डायच्या आतल्या भिंतीला धूळ किंवा पितळेचा कण चिकटला तर केसवर ओरखडे उठतात. ही झीज नाही, आधी डाय साफ करून पाहावी. टंगस्टन कार्बाइडचं कडं असलेली डाय मात्र साध्या पोलादीपेक्षा कितीतरी उशिरा झिजते. सगळ्याला मिळून एक शब्द हवाच असेल तर ‘झीजतूट’ आहे, त्यात झिजलेलं आणि तुटलेलं दोन्ही येतं.

‘साचा’ नको. साच्यात पदार्थ भरतात. इथे तयार नळी आत शिरते, आवळली जाते आणि बाहेर येते. कारखान्यात सगळे ‘डाय’च म्हणतात, तुम्हीही तेच ठेवा.