वाचकांचे प्रश्न : लंडनच्या बागांमधली स्मारकं

प्रश्न : मुलीकडे लंडनला जातो आहोत. मराठा पलटणीतल्या दोन जवानांची नावं तिथल्या एका बागेतल्या स्मारकावर आहेत असं कळलं. नेमकी कुठे? सोबत सासूबाई आहेत, त्यांना जिने चढवत नाहीत.

उत्तर : ग्रीन पार्कच्या पश्चिम टोकाला, कॉन्स्टिट्यूशन हिल या रस्त्यावर मेमोरियल गेट्स आहेत. दोन्ही महायुद्धांत ब्रिटनच्या बाजूने लढलेल्या भारतीय उपखंड, आफ्रिका आणि कॅरिबियनमधल्या सैनिकांसाठी ती २००२मध्ये उभारली. बहुतेक जण दगडी खांबांसमोर फोटो काढून परततात आणि नावं राहूनच जातात. कारण ती खांबांवर नाहीत. बाजूच्या हिरवळीवर छोटी छत्री (खांबांवरचा घुमटाकार मंडप) आहे, तिच्या आत उभं राहून वर छताकडे पाहायचं. व्हिक्टोरिया क्रॉस आणि जॉर्ज क्रॉस ही ब्रिटनची सर्वोच्च शौर्यपदकं मिळवणाऱ्यांची यादी तिथे आहे. तिथे नाईक यशवंत घाडगे (इटली, १० जुलै १९४४, मरणोत्तर) आणि शिपाई नामदेव जाधव (इटली, ९ एप्रिल १९४५) ही नावं शोधा. दोघेही ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीचे. मान वर करून बारीक अक्षरं वाचणं वयस्कांना जड जातं. मोबाइलवर फोटो काढून मोठा करून दाखवा.

हाइड पार्क कॉर्नर स्टेशन सर्वांत जवळचं, पण तिथे लिफ्ट नाही. ग्रीन पार्क स्टेशनवर लिफ्ट आहे आणि तिथून थेट बागेत निघता येतं. पुढे साधारण पाऊण-एक किलोमीटर चाल आहे, वाटेत बसत जा. शक्यतो रविवारी जावं : त्या दिवशी कॉन्स्टिट्यूशन हिलवर मोटारी बंद असतात.

ताकद उरली तर रस्त्यापलीकडे हाइड पार्कात ७ जुलै २००५च्या बॉम्बस्फोटांचं स्मारक जरूर पाहा. ५२ बळींचे ५२ पोलादी खांब, चार स्फोटांप्रमाणे चार गटांत. खांबांवर फक्त तारीख, वेळ आणि ठिकाण आहे, नावांचा फलक वेगळा आहे.

प्रश्न : टॅव्हिस्टॉक स्क्वेअरमधल्या गांधीजींच्या पुतळ्याला फुलं वाहता येतात का?

उत्तर : येतात. चौथऱ्यात त्यासाठी पोकळ जागाच ठेवली आहे. फुलांवरचं प्लॅस्टिक आधी काढा. रसेल स्क्वेअर स्टेशनवर लिफ्ट असली तरी फलाटापर्यंत पायऱ्या उरतातच. गुडघे दुखत असतील तर किंग्ज क्रॉसला उतरा. अंधार पडायच्या आत पोचा, बागेचं फाटक बंद होतं.