भूशास्त्रीय काळाचा तक्ता पाठ करण्याआधी

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

भूशास्त्रीय काळाचा तक्ता, म्हणजे पृथ्वीच्या इतिहासाचे पाडलेले भाग, पाठ कसा करायचा, असं तू विचारलंयस. परीक्षा तोंडावर आहे, तेव्हा पाठ कर. पण सुरुवात आकड्यांपासून करू नकोस. ते सगळ्यांत शेवटी आले. आधी क्रम ठरला, मग नावं पडली आणि वर्षं विसाव्या शतकात बसवली गेली. तूही याच ओळीनं शीक.

क्रम शिकायला तुला कुठे लांब जायला नको. मामांच्या साक्रीकडच्या विहिरीत वरून खाली बघ. काळी माती, मुरूम, मग मांजऱ्या आणि मग खोदणारा कपाळावरचा घाम पुसत म्हणतो, "आते काया पाषाण लागना." आता इथे नीट लक्ष दे, कारण पहिल्या वर्षाची निम्मी मुलं इथेच चुकतात. खालचा थर जुना, वरचा नवा, हा नियम निकोलस स्टेनोनं 1669 मध्ये मांडला. तो तुला तोंडपाठ असणार. म्हणून तू लिहिशील की पाषाण जुना, मुरूम त्यानंतरचा, माती सगळ्यांत नवी. पण मुरूम आणि इथली काळी माती हे वरून येऊन साचलेले वेगळे थर नव्हेत. तो पाषाणच कुजत, झिजत तसा झाला आहे. मांजऱ्या म्हणजे लाव्ह्याच्या एकाच प्रवाहाचा वरचा, बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला भाग. स्टेनोचा नियम लावायचा तो एका प्रवाहाला आणि त्याच्यावरून वाहिलेल्या दुसऱ्या प्रवाहाला. त्या दोघांच्या मध्ये कधीकधी तांबडा, मऊ थर लागतो, हातात चुरगळला तर बोटं लाल होतात. तो दिसला की थांब. खालचा लाव्हा थंड झाला, उघडा पडला, पावसापाण्यानं कुजला आणि मगच पुढचा आला. त्या हातभर थरात किती काळ गेला असेल ते त्याच्या जाडीवरून सांगता येत नाही, पण मध्ये काळ गेला हे नक्की.

दुसरा नियमही आपल्याकडे उघड्यावर आहे. साक्री, नंदुरबार, शहादा या भागांत जमिनीतून सरळ रेषेत निघालेले लांबच लांब कणे दिसतात. ते डाइक. आधी थिजलेल्या लाव्ह्याला भेगा पडल्या आणि त्यांतून खालचा रस वर घुसला. काही डाइक पन्नास किलोमीटरहून लांब आहेत. जो कापतो तो नवा, जो कापला जातो तो जुना. सावदा-जळगावच्या खाणींतल्या झिओलाइट या खनिजाच्या सुंदर स्फटिकांचंही तसंच. लाव्ह्यातली पोकळी आधी झाली, स्फटिक नंतर भरले. एकही आकडा न वापरता तू तीन-चार घटनांचा क्रम लावलास की नाही?

जगाचा तक्ता असाच लागला. विल्यम स्मिथ कालव्यांच्या खोदकामावर काम करत असताना त्याच्या लक्षात आलं की प्रत्येक थराचे जीवाश्म ठरलेले असतात आणि ते ठरलेल्या क्रमानंच येतात. त्याच्या जोरावर त्यानं 1815 मध्ये इंग्लंड-वेल्सचा नकाशा काढला. पुढे वेल्समध्ये सेजविक आणि मर्चिसन या दोन भूशास्त्रज्ञांपैकी सेजविकनं खालच्या खडकांना कँब्रियन म्हटलं, मर्चिसननं वरच्यांना सिल्युरियन, आणि मधल्या खडकांवरून दोघांचं असं बिनसलं की मैत्री तुटली. दोघेही वारल्यावर, 1879 मध्ये, चार्ल्स लॅपवर्थनं तो वादाचा पट्टा वेगळा काढला आणि त्याला ऑर्डोव्हिशियन नाव दिलं. जॉन फिलिप्सनं 1841 मध्येच पुराजीव, मध्यजीव, नवजीव हे तीन महाकल्प जीवाश्मांवरून पाडले होते. यांपैकी कोणालाही आपला खडक किती कोटी वर्षांचा आहे हे ठाऊक नव्हतं, तरी क्रम बरोबर होता. मला या शास्त्रात सगळ्यांत जास्त आदर वाटतो तो या कामाचा. 1911 मध्ये आर्थर होम्सनं युरेनियमचं शिसं होतं त्या हिशेबानं नॉर्वेतल्या एका डेव्होनियन खडकाचं वय 37 कोटी वर्षं काढलं. आजच्या तक्त्यात डेव्होनियन सुमारे 42 ते 36 कोटींमध्ये बसतो. बघ ताडून.

तुझा दुसरा प्रश्न, हे भाग सारखे का नाहीत? क्रिटेशस कल्प आठ कोटी वर्षांच्या आसपास आणि सिल्युरियन अडीच कोटींहूनही कमी, असं का? आपली आजी काळ कसा मोजते ते आठव. "बहात्तरच्या दुष्काळानंतर", "विहिरीला पाणी लागलं त्या साली". घडलं त्यावरून ती काळ तोडते, वर्षं सारखी वाटत नाही. तक्त्याच्या रेघाही जीवसृष्टीत मोठा बदल खडकात दिसतो तिथे आहेत. पुराजीव महाकल्प संपतो तो सुमारे 25 कोटी 19 लाख वर्षांपूर्वी, समुद्रातल्या बहुतेक जाती नष्ट झाल्या तेव्हा. कँब्रियनच्या आधीच्या काळात मात्र असे जीवाश्म फारसे नाहीत, म्हणून तिथल्या बहुतेक रेघा सरळ आकड्यांवर ओढल्या आहेत, जसं की आर्कियन संपतो 250 कोटी वर्षांपूर्वी. पृथ्वीच्या 456 कोटी वर्षांपैकी सुमारे 88 टक्के काळ कँब्रियनच्या आधीच्या त्या भागात जातो आणि पुस्तकं त्याला दोन पानं देतात. तू जास्त वेळ दे.

आता प्रत्येक रेघेला जगात एक ठरलेली जागा देतात, एका विशिष्ट कड्यातला एक विशिष्ट थर. क्रिटेशस संपून पॅलिओजीन सुरू होतो ती रेघ ट्युनिशियात एल केफ इथे आहे, इरिडियम हा दुर्मिळ धातू जास्त असलेल्या मातीच्या पातळ थराच्या तळाशी. वय 6 कोटी 60 लाख वर्षं. आपला काळा पाषाण बरोबर याच सुमाराचा. दख्खनचा लाव्हा रेघेच्या आधीपासून वाहत होता आणि नंतरही वाहत राहिला. त्यामुळे "खानदेशचा पाषाण क्रिटेशस" एवढंच लिहू नकोस. सह्याद्रीत अशाच तांबड्या थरांतून झिरकॉन या खनिजाचे बारीक कण वेचून त्यांचं वय काढलंय, म्हणून ते थर दिसले की थांब म्हटलं.

आणखी एक पाहायचं राहिलं. तापी, गिरणेच्या काठी काही ठिकाणी पिवळसर गाळाची दरड थेट काळ्या पाषाणावर बसलेली दिसते. गाळ क्वाटर्नरी, म्हणजे गेल्या 25 लाख 80 हजार वर्षांतला. खाली पाषाण साडेसहा कोटींच्या पुढचा. मधल्या सहा कोटींहून जास्त वर्षांचं तिथे काहीही नाही. पुस्तकात याला विसंगती म्हणतात. घोडे, देवमासे, गवताळ रानं, हिमालयाचं उठणं, सगळं त्या एका रेघेत गेलं. तिथे बोट ठेव. यावल-रावेरकडे बोअर शेकडो फूट गेली तरी वाळू आणि चिकणमातीच निघते, तो हाच गाळ. त्याच क्वाटर्नरीच्या शेवटाकडे चाळीसगावजवळ पाटण्याला माणसं राहत होती. शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर त्यांनी कोरलेली नक्षी उत्खननात मिळाली आहे, सुमारे 25,000 वर्षांपूर्वीची. तक्त्यात तो प्लाइस्टोसीन. आपण आज आहोत त्या मेघालयन काळाची रेघ मेघालयातल्या मॉमलूह गुहेतल्या चुनखडीच्या एका खांबात आहे, सुमारे 4,200 वर्षांपूर्वीची. 2018 मध्ये ती मंजूर झाली. अँथ्रोपोसीन, म्हणजे माणसाच्या प्रभावाचा म्हणून सुचवलेला काळ, मात्र 2024 मध्ये नामंजूर झाला, तेव्हा उत्तरपत्रिकेत तो तक्त्यात घालू नकोस.

लिहिताना एक सांभाळ. खडकाबद्दल बोलत असशील तर "खालचा-वरचा", काळाबद्दल असेल तर "आधीचा-नंतरचा". दोन्हींची सरमिसळ झाली की तपासणारा गुण कापतो, आणि ते योग्यच आहे.

दिवाळीत दरड बघायला जा. थराची जाडी मोजून वहीत चित्र काढ, गाळाचा तळ पाषाणाला टेकतो तिथे फोटोत हातोडी किंवा पेन ठेव म्हणजे माप कळेल, आणि मला पाठव. तापीच्या पात्रात उतरण्याआधी हतनूर धरणाचं पाणी सोडलंय का ते गावात विचारून घे. एकटी जाऊ नकोस.

तुझा,
काका