गरिबांना मदत केल्याने गरिबी वाढते का? नीतिशास्त्राचं यावर काय म्हणणं आहे?

तुमच्या मित्राने ज्या 'लाइफबोट'चा दाखला दिलाय तो निबंध 1974 सालचा. लेखक गॅरेट हार्डिन, अमेरिकन जीवशास्त्रज्ञ. 'गरिबांना मदत करण्याच्या विरोधातली बाजू' असं त्याने शीर्षकातच लिहून टाकलंय, आडपडदा नाही. तुम्ही पगारातून दर महिन्याला थोडे पैसे एका संस्थेला देता, मित्र म्हणतो याने गरीब ऐतखाऊ होतात आणि त्यांची संख्या वाढते, तर नीतिशास्त्रात याचा काही निकाल लागलाय का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय घरकामाला येणाऱ्या मावशींच्या मुलीची फी भरावी की तेच पैसे संस्थेला द्यावेत, असंही. फीचं शेवटी बघू. मित्राचा मुद्दा आधी घेते, कारण तो उडवून लावण्यासारखा नाही. आणि त्या निबंधातलं ठळक उदाहरण आपणच आहोत.

हार्डिन म्हणतो, श्रीमंत देश म्हणजे समुद्रातली एक होडी. होडीत 50 माणसं, फार तर आणखी 10 मावतील, आणि भोवती पाण्यात 100 जण हात वर करून. सगळ्यांना घेतलं तर होडी बुडाली. दहांना घेतलं तर कोणते दहा, आणि अडीअडचणीला ठेवलेली मोकळी जागाही गेली. म्हणून कुणालाच घेऊ नका. ज्याच्या मनाला फार लागत असेल त्याने स्वतः उडी मारून आपली जागा द्यावी. पुढे तो भारताचा हिशोब मांडतो: लोकसंख्या 60 कोटी, दरवर्षी दीड कोटींची भर, म्हणजे 28 वर्षांत 120 कोटी. मदत करून ही वाढ होऊ दिली तर पुढच्या भारतीय पिढ्या आमचे आभार मानतील का, असा त्याचा सवाल.

त्याच्या दोन वर्षं आधी, 1972 साली, पीटर सिंगर या तरुण ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाचा नेमका उलट निबंध छापून आला होता. समोर प्रसंग होता पूर्व बंगालमधून भारतात आलेल्या 90 लाख निर्वासितांचा. सिंगरचं म्हणणं थोडक्यात असं: उथळ तळ्यात एखादं मूल बुडताना दिसलं तर कपडे चिखलाने भरतील म्हणून तुम्ही काठावर थांबाल का? नाही ना? मग मूल दहा पावलांवर आहे की दहा हजार मैलांवर, याने काय फरक पडतो? तुलनेने तितकंच मोलाचं काही न गमावता एखादं वाईट टाळता येत असेल तर ते टाळलंच पाहिजे. हे दान नव्हे, कर्तव्य. ऑस्ट्रेलियाने निर्वासितांसाठी दिलेली रक्कम सिडनीच्या नव्या ऑपेरा हाउसच्या खर्चाच्या बाराव्या हिश्शाहूनही कमी होती, असा चिमटाही त्याने आपल्याच देशाला काढला होता.

गंमत म्हणजे दोघेही एकाच पंथाचे म्हणता येतील. कृतीचं मोल तिच्या परिणामांवरून ठरवायचं, हा दोघांचाही पाया. सिंगर म्हणतो परिणाम चांगला होईल, हार्डिन म्हणतो वाईट होईल. म्हणजे तुमचं आणि तुमच्या मित्राचं भांडण तत्त्वांचं कमी आणि वस्तुस्थितीचं जास्त आहे. वस्तुस्थिती तपासता येते.

हार्डिन लिहीत होता तेव्हा महाराष्ट्र नुकताच 72च्या दुष्काळातून बाहेर पडत होता. तालुक्याच्या कॉलेजात हा विषय शिकवताना मी होडी आणि तळं दोन्ही लवकर उरकते आणि या दुष्काळावर येते. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरात तो अजून बोलला जातो. माझी आई खडी फोडायला जायची. मिलो मिळायचा, अमेरिकेतून आलेला लालसर जोंधळा, त्याची भाकरी थापताना तुटायची. कामावर सुकडी वाटायचे, ती आई स्वतः न खाता पदरात बांधून घरी आणायची. फोडलेली खडी ब्रासवर मोजली जायची आणि मोजमापात मुकादम मारतो यावरून रोज वाद. या कामांवर 1973च्या मे महिन्यात राज्यभरात जवळपास 50 लाख माणसं होती. जनावरं खूप गेली, विहिरी आटल्या, माणसं खंगली. पण असा दुष्काळ पूर्वी पडला की गावंच्या गावं ओस पडायची, मढी उचलायला माणूस मिळायचा नाही, तसं घडलं नाही.

पूर्वी म्हणजे कधी, तर 1876 ते 78. आणि मित्राचा 'ऐतखाऊ' हा शब्द खरं तर तिथला आहे. रिचर्ड टेंपल नावाचा गोरा अधिकारी होता. 1873-74 साली बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा याच माणसाने ब्रह्मदेशातून तांदूळ आणून माणसं जगवली आणि सरकारी पैसा उधळला म्हणून वरिष्ठांच्या शिव्या खाल्ल्या. तो धडा इतका मुरला की दक्षिणेत पाठवल्यावर त्याने हात आखडले. दुष्काळी कामावरच्या मजुराचं रोजचं धान्य एक पौंडावर आणलं. जास्त दिलं तर लोकांना सरकारवर अवलंबून राहायची सवय लागेल, हे कारण. कामही घराजवळ द्यायचं नाही, दहा मैल चालत येईल तोच खरा गरजू, अशी 'अंतराची कसोटी' लावली. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी या मजुरीवर काम करायला नकार दिला, पुण्याची 'सार्वजनिक सभा' ही संस्था त्यांच्या बाजूने सरकारला अर्जांवर अर्ज पाठवत राहिली. त्या दुष्काळात ब्रिटिश मुलखात 50 लाखांवर माणसं मेली, असं सर्वसाधारणपणे धरतात. टेंपल राक्षस नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. परिणामांचा विचार करूनच वागत होता तो. फक्त त्या हिशोबात मेलेल्या माणसापेक्षा लागणाऱ्या सवयीला जास्त वजन होतं.

आता 72कडे परत. दुष्काळी कामं संपल्यावर महाराष्ट्राने ती मोडीत काढली नाहीत. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यातली रोजगार हमीची कल्पना आधीपासून होतीच, तिचा 1977 साली कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मागितलं की 15 दिवसांत द्यायचं, शक्यतो 5 किलोमीटरच्या आत, नाही दिलं तर बेकारी भत्ता. टेंपलची दहा मैलांची अट आणि ही पाच किलोमीटरची, एवढं एकच शेजारी ठेवून बघा. कसोटी इथेही आहेच. चैत्रातल्या उन्हात ज्याला गरज नाही तो खडी फोडायला येत नाही, त्यामुळे गरजू कोण हे ठरवायला तलाठ्याचा दाखला लागत नाही. पण माणसाला याचक न करता ही कसोटी लागते. तो काम मागतो, आणि ते न देणारं सरकार कायद्याने चुकीचं ठरतं. भ्रष्टाचार झाला, मस्टरवर मेलेल्या माणसांच्या हजेऱ्या लागल्या, अर्धवट पाझर तलाव जागोजाग दिसतात, हे सगळं मान्य. तरी 2005 साली केंद्राने देशभरासाठी कायदा केला तो याच वळणावर.

हार्डिनच्या 120 कोटींचं काय झालं? संख्या खरी ठरली, जरा उशिरा: 2011च्या जनगणनेत आपण 121 कोटी होतो. पण होडी बुडाली नाही. आज तांदूळ निर्यात करणाऱ्या देशांत भारत सर्वांत पुढे आहे. आणि जगवलेली माणसं जास्त मुलं जन्माला घालतील हे त्याचं मुख्य गृहीतक तर पार उलटं पडलं. सत्तरच्या सुरुवातीला भारतात एका बाईमागे पाचाहून जास्त मुलं होती. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा 2.0 वर आला, महाराष्ट्रात 1.7 वर. जन्मलेलं मूल जगेल याची खात्री वाटू लागली, मुली शाळेत गेल्या, की घरं आपणहून लहान होतात. अमर्त्य सेन यांनी 1981 साली बंगालच्या 1943च्या दुष्काळाचा हिशोब मांडून दाखवला की धान्य तसं होतं, शेतमजुराच्या मजुरीत ते विकत घ्यायची ताकद उरली नव्हती. म्हणजे पाण्यातल्या माणसाला होडीत जागा हवी होती असं नाहीच, त्याला मजुरी हवी होती.

आळशीपणाच्या मुद्द्यावर माझ्या गावाकडचे बागायतदारही तुमच्या मित्रासारखंच बोलतात: रेशन फुकट, लाडक्या बहिणीचे दीड हजार, मग खुरपायला कोण येणार? अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतल्या रोख मदतीच्या प्रयोगांची आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा पैसे मिळाल्याने लोक काम सोडतात असा पद्धतशीर पुरावा सापडला नाही. बाई दीड हजारावर घर चालवत नाही, पण पडेल त्या मजुरीला 'येत नाही' म्हणायला तिला थोडा दम येतो. तक्रार बहुतेक वेळा त्या दमाबद्दल असते, असं मला वाटतं. मदतीने नुकसान कधीच होत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. बाहेरचं धान्य फुकट ओतलं तर गावातल्या शेतकऱ्याचा भाव पडतो, आणि निवडणुकीच्या तोंडावर वाटलेल्या साड्यांना मी मदत म्हणत नाही.

परिणामांच्या पलीकडचे दोन आवाज तुमच्या कामाचे आहेत. एक रॉबर्ट नोझिक, अमेरिकन तत्त्वज्ञ, त्याचं पुस्तकही 1974चंच. द्यायचं तर खुशाल द्या, त्याला हरकत नाही. पण कष्टाच्या कमाईवर कर लावून ती दुसऱ्याला देणं म्हणजे जवळजवळ वेठबिगारी, असं त्याचं म्हणणं. तुमच्या पगाराच्या स्लिपवर 'व्यवसाय कर' म्हणून बहुधा 200 रुपये कापलेले दिसत असतील, फेब्रुवारीत 300. महाराष्ट्रात हा कर 1975 साली लागू झाला तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठीच. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाचे पैसे द्यायचे, असा तो सरळ व्यवहार होता. त्याआधी 1971 साली निर्वासितांसाठी पत्रावर 5 पैशांचं जादा तिकीट चिकटवावं लागायचं, तेही ऐच्छिक नव्हतं. नोझिकच्या मापाने दोन्ही अन्याय. मला ते पटत नाही, आणि का ते दुसऱ्या आवाजात आहे.

तो कान्ट या जर्मन तत्त्वज्ञाचा. परोपकार हे कर्तव्य खरं, पण ते कुणाला, किती, कधी करायचं याची मोकळीक असलेलं, अशी त्याची नेहमी शिकवली जाणारी मांडणी. परीक्षेत तेवढंच येतं. पण 1797च्या ग्रंथात तो एक बोचरी गोष्ट विचारून जातो: श्रीमंताकडे परोपकार करण्याइतकं साठलं, ते बहुतेक वेळा राज्यव्यवस्थेच्या अन्यायातून काहींना झुकतं माप मिळाल्यामुळे. मग त्याने केलेल्या मदतीला मदत म्हणायचं तरी का? नोझिकला माझं उत्तर हेच. कमाई पूर्ण माझी आहे हे आधी सिद्ध व्हायला हवं. माझ्या शिक्षणावर, रस्त्यावर, पाण्यावर कुणाचे पैसे लागले? आणि ज्या रस्त्याने मी बसने कॉलेजला गेले त्याची खडी फोडणारीच्या हातात रोजाचे किती पडले?

सिंगरबद्दलही माझी तक्रार इथेच आहे. त्याच्या तळ्यात मूल आपोआप पडलेलं असतं. त्याला कुणी ढकललं, तळ्याला कठडा का नाही, हे तो त्या निबंधात विचारत नाही. त्यामुळे मदत करणारा कायम नायक राहतो.

म्हणून तुमच्या संस्थेचे पैसे चालू ठेवा, फक्त वर्षातून एकदा तिचा अहवाल मागवून वाचा. मित्राला भारताच्या जन्मदराचे आकडे दाखवा, चिडवू नका.

आता मावशींच्या मुलीची फी. सिंगरला विचारलं तर तो म्हणेल, जिथे त्याच रुपयात जास्त जीव वाचतात तिथे द्या, ओळखीचा-अनोळखी भेद करू नका. मी फी भरीन, पण लगेच नाही. आधी मावशींचा पगार बघा. तुमच्या सोसायटीत चालू असलेला दर म्हणजे योग्य दर नव्हे. महिन्याला चार सुट्ट्या पगारी आहेत का? तुम्ही गावाला जाता तेव्हा पैसे कापता का? आजारी पडल्या तर? हे सगळं नीट केलं तर कदाचित फीचा बराचसा भाग त्यांच्याच पगारातून निघेल आणि ती त्यांनी भरलेली असेल. उरलेली तुम्ही भरणार असाल तर शाळेत थेट भरा, पावती मावशींच्या हातात द्या, आणि त्या बदल्यात एखाद्या रविवारी जादा काम सांगायचा मोह टाळा. मुलीला मार्क किती पडले हे विचारायचा हक्क फी भरल्याने मिळत नाही. ती आपणहून सांगेल तर ऐका.